कळ काढताना

मराठीत ‘कळ काढणे’ या वाक्प्रचाराला दोन अर्थ आहेत. एक, कुरापत काढणे. दुसरा, त्रास सोसत थोडा वेळ तग धरणे. ‘जरा कळ काढ’ असे आपण म्हणतो तो. संगणक घरात आल्यापासून तिसराही अर्थ रूढ व्हायला हरकत नाही: कळफलकावरची कळ नखाने उचकटून काढणे आणि तिच्याखाली काय अडकले आहे ते पाहणे. या लेखात तिन्ही अर्थांनी कळ काढायची आहे. पहिल्या अर्थाने ज्यांची काढायची आहे ती मंडळी परकी नाहीत, आमच्याच पंगतीला बसणारी आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

आमच्याकडे २०१६ च्या दिवाळीत घेतलेला एक लॅपटॉप आहे. त्याचा पडदा उत्तम आहे, बिजागरी थोडी सैल झाली आहे, बॅटरी एकदा बदलून झाली आहे. या यंत्रावर आम्ही तीन भाषांतरे पुरी केली, इतरांच्या पुस्तकांची मुद्रिते तपासली आणि पुष्कळ निरर्थक वाद घातले. गेल्या पावसाळ्यात त्याच्या कळफलकावरची एकच कळ रुसली. रोमन लिपीत ती ‘डी’ची. कधी दाबली तरी उमटेना, कधी एकदा दाबली की चारदा उमटे.

इंग्रजी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे सव्वीसातले एक अक्षर गेले. आम्ही इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकतो. ही पद्धत भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली, आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’ ज्या कळेवर मराठीत आहे त्याच कळेवर बंगालीत, तमिळमध्ये, मल्याळममध्येही, अशी तिची सुंदर रचना आहे. (फोनेटिक पद्धतीने टंकणारे आम्हांला कर्मठ समजतात. समजोत.) या रचनेत ‘डी’च्या कळेवर साधे दाबल्यास हलन्त उमटतो आणि शिफ्टसह दाबल्यास ‘अ’. म्हणजे अक्षरांचे पाय मोडणारी कळच लंगडी झाली, आणि जाताना वर्णमालेचे पहिले अक्षर सोबत घेऊन गेली.

हलन्त नाही म्हणजे जोडाक्षर नाही. काही जोडाक्षरांना मागचे दार आहे. शिफ्टसह आकड्यांच्या कळा दाबल्या की रफार, रकार, ज्ञ, त्र, क्ष आणि श्र थेट मिळतात. त्यामुळे ‘मित्र’ लिहिता येत होता, ‘शत्रू’ही येत होता. ‘क्षमा’ मागता येत होती. पण ‘शब्द’ गेला, ‘पुस्तक’ गेले, ‘साहित्य’ गेले, ‘हक्क’ आणि ‘न्याय’ दोन्ही गेले. ‘बाजार’ शाबूत होता, ‘कंपनी’ शाबूत होती, ‘ग्राहक’ही. ‘नवीन खरेदी’ एका दमात टंकता येत होती आणि ‘दुरुस्ती’ मात्र काही केल्या उमटत नव्हती. तिथे ‘दुरुसती’ असे काहीतरी भुताटकीचे होऊन बसे. सर्वनामांची गंमत तर निराळीच. ‘मी’ लिहिता येई, ‘तू’ लिहिता येई, पण ‘आम्ही’ लिहिता येईना. आमच्यासारख्या, बहुवचनाचे व्रत घेतलेल्या माणसांना यंत्राने एकवचनात यायला सांगितल्यासारखे झाले. परवलीच्या शब्दात ती कळ दोनदा होती, त्यामुळे स्वतःच्याच यंत्रात शिरण्यासाठी दारात ताटकळायचे, हा भाग वेगळा.

जाणकार वाचक इथे म्हणतील की हलन्ताची नेमणूक दुसऱ्या एखाद्या कळेवर करता आली असती. केली. डाव्या वरच्या कोपऱ्यातली निरुपयोगी कळ त्याला दिली. दोन आठवडे प्रयत्न करूनही बोटे जुन्याच जागी जात राहिली, आणि रुसलेली कळ मधूनच आपणहून जागी होऊन ओळीत हलन्तांची रांग लावी. वीस-पंचवीस वर्षे बोटांत मुरलेली गोष्ट आज्ञावलीतला एक नियम बदलून निघत नाही. बाहेरून जोडायचा कळफलकही आणून पाहिला. मांडीवर ठेवायच्या यंत्राला मग टेबल लागते, टेबलाला खुर्ची लागते, आणि एसटीत बसून मुद्रिते तपासायची सोय संपते.

कळफलक बदलायचा ठरवून आम्ही त्या कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात गेलो. वातानुकूलित दालन, टोकन, पडद्यावर आकडे. समोरचा मुलगा अतिशय नम्र होता. त्याने यंत्राच्या पाठीवरचा क्रमांक पाहिला, संगणकात काहीतरी पाहिले आणि म्हणाला, “सर, कीबोर्ड सुटा येत नाही. टॉप कव्हरसकट येतो. चौदा हजार पाचशे, अधिक टॅक्स. मॉडेल जुनं आहे, पार्ट मागवला तरी येईलच असं नाही सांगता येणार.” आम्ही विचारले, “एका कळेसाठी वरचा अर्धा लॅपटॉप?” तो ओशाळून हसला. मग आवाज किंचित खाली आणून, जणू आपल्या घरच्या माणसाला सल्ला द्यावा तसा, म्हणाला, “सर, खरं सांगू का? नवीनच घ्या ना. एक्स्चेंज चालू आहे.” जुन्याचे दोन हजार मिळणार होते.

त्या मुलावर आमचा राग नाही. त्याला जे दिले आहे तेच तो सांगणार. दुरुस्त करण्याची विद्या त्याला शिकवलेलीच नाही. वरचा अख्खा भाग काढून नवा बसवण्याची शिकवली आहे. आमचा राग आहे तो त्या संध्याकाळी ज्यांना हा किस्सा सांगितला त्यांच्यावर.

पुण्यात आम्हा काही लिहित्या-वाचत्या मंडळींची महिन्यातून एकदा बैठक होते. तिथे पाच जण होते आणि पाचही जणांनी एकमुखाने सेवाकेंद्राचीच बाजू घेतली. एक म्हणाले, “अहो, किती दिवस ओढणार? यंत्रात जीव अडकवू नये.” दुसऱ्या म्हणाल्या, “दुरुस्तीत घातलेला पैसा पाण्यात.” तिसऱ्यांनी तंत्रज्ञानाच्या गतीवर एक छोटे व्याख्यान दिले. चौथ्यांनी सुचवले की आता टंकायचे कशाला, बोलून लिहा. आणि पाचवे, ज्यांचा कल्हईवाल्यावरचा लेख दोनच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात येऊन भरपूर वाखाणला गेला होता, ते म्हणाले, “टाकून दे रे तो आता!”

हे पाचवे गृहस्थ आमचे जुने मित्र आहेत आणि त्यांचा तो लेख खरोखर चांगला होता. नवसागराचा वास, भात्याची धाप, काळ्या पातेल्यातून अचानक उगवणारी चांदी, सगळे त्यात होते. पण म्हणूनच आमचा प्रश्न आहे. मराठी ललित गद्याने गेली चाळीस-पन्नास वर्षे दुरुस्ती करणाऱ्या माणसांवर अपरंपार प्रेम केले. कल्हईवाला, पिंजारी, जात्याला टाकी लावणारी बाई, छत्रीवाला, सायकलच्या दुकानातला पंक्चर काढणारा चाचा. यांच्यावाचून एक दिवाळी अंक निघत नाही. मात्र या प्रेमाची एक अट आहे: ती माणसे नाहीशी झालेली असली पाहिजेत. जो दुरुस्त करणारा अजून जिवंत आहे, ज्याच्या दुकानाला जिना चढून जावे लागते, ज्याच्याकडे आपली वस्तू चार दिवस ठेवावी लागते आणि जो पैसे मागतो, त्याच्यावर लेख लिहिला जात नाही आणि त्याला कामही दिले जात नाही. तो आणखी वीस वर्षांनी दिसेनासा झाला की त्याच्या आठवणीने गहिवरायला आमचे मित्र पुन्हा लेखणी उचलतील. लेखणी म्हणजे अर्थात नवा लॅपटॉप.

स्मरणरंजनाला आमचा विरोध नाही; आम्हीही त्यात यथेच्छ लोळतो. पण गोधडीवर कविता करायची आणि फाटलेली चादर फेकून द्यायची, यात आपल्याला काही विसंगत वाटेनासे झाले आहे. दुरुस्ती हे आपल्या भाषेत रम्य क्रियापद उरले आहे, कामाचे नाही.

आता त्या बैठकीतल्या युक्तिवादांकडे वळू, कारण ते नुसते आमच्या मित्रांचे नाहीत.

पहिला म्हणजे पैसा पाण्यात जातो हा. हिशोब सोपा आहे. सेवाकेंद्राच्या भावाने तो पाण्यात जातोच. पण तो भाव निसर्गाने ठरवलेला नाही. कळफलक हा लॅपटॉपमधला सर्वांत स्वस्त भागांपैकी एक भाग. प्लास्टिकच्या तीन पातळ पापुद्र्यांवर छापलेली विजेच्या वाटांची जाळी, तिच्यावर रबराच्या छोट्या टोप्या, त्यांच्यावर कात्रीसारख्या दोन नाजूक पट्ट्या आणि सर्वांत वर कळ. हा भाग झिजणार, त्यात चहा सांडणार, बिस्किटाचा चुरा जाणार, हे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. यंत्रावर माणसाची बोटे सारखी आपटतात अशी दुसरी जागाच नाही. एकेकाळी अनेक लॅपटॉपांत हा फलक दोन-चार स्क्रूंनी बसवलेला असे. १९९२ साली आयबीएमने आणलेल्या थिंकपॅडची ख्याती ज्या गुणांवर उभी राहिली त्यांत हाही होता, आणि उघडायचे कसे याची सचित्र पुस्तिका कंपनी स्वतः उपलब्ध करून देत असे. पुढे यंत्रे पातळ झाली आणि स्क्रूंच्या जागी प्लास्टिकच्या खुंट्या आल्या. फलकाला भोके, वरच्या आवरणाला खुंट्या. खुंट्या भोकांतून ओवायच्या आणि त्यांची टोके उष्णतेने वितळवून चपटी करायची. कारखान्यात हे काही सेकंदांत होते, स्क्रू वाचतात, फलक दाबल्यावर लवत नाही. हे फायदे खरे आहेत, आम्ही नाकारत नाही. प्रश्न इतकाच की कारखान्यात वाचलेल्या त्या काही सेकंदांचे बिल कोणी भरायचे. ते चौदा हजार पाचशेचे आहे आणि आमच्या नावावर आले आहे.

यापुढची पायरी ॲपलने दाखवली. २०१५ च्या मॅकबुकमध्ये त्यांनी ‘बटरफ्लाय’ नावाची नवी, अधिक पातळ कळ आणली. धुळीचा कण शिरला तरी ती अडके किंवा एकाऐवजी दोनदा उमटे. फलक वरच्या आवरणाला पक्का जोडलेला आणि त्याच आवरणाला बॅटरी चिकटवलेली, त्यामुळे एका कळेसाठी तिघांचीही बदली. तक्रारी इतक्या वाढल्या की २०१८ च्या जूनमध्ये कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जोआना स्टर्न यांनी बिघडलेल्या फलकावरून ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरे गाळून आख्खा स्तंभ छापला. (इन्स्क्रिप्टने टंकणाऱ्याचा तोच फलक बिघडला असता तर काना आणि दीर्घ वेलांटी गेली असती. मराठीत कान्यावाचून स्तंभ लिहून पाहावा कोणीतरी.) २०२० पर्यंत कंपनीने ती कळ सर्व लॅपटॉपांतून मागे घेऊन जुन्या कात्रीकडे परत धाव घेतली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या सामुदायिक दाव्यात, चूक कबूल न करता, पाच कोटी डॉलरांची तडजोड केली. तंत्रज्ञानाच्या गतीवर व्याख्यान देणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी ही गती कोणत्या दिशेची म्हणायची ते सांगावे.

बोलून लिहा म्हणणाऱ्यांना उत्तर थोडक्यात देतो. गूगलची मराठी श्रुतलेखनाची सोय २०१७ पासून आहे आणि निरोप पाठवायला ती झकास आहे. पण लिहिताना आम्ही थांबतो, खोडतो, एका अनुस्वाराकडे दहा मिनिटे पाहत बसतो. ते दहा मिनिटांचे मौन ऐकून काय उमटवायचे, हे त्या यंत्राला सांगता येत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या बैठकीत कोणी केला नाही, म्हणून आम्हीच करतो. जुने यंत्र दुरुस्त केले तरी आज्ञावली त्याला जगू देणार आहे का? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी अट घातली तिच्यात साधारण २०१७ आधीचे इंटेलचे प्रक्रियक बसत नाहीत. म्हणजे आमचे २०१६ चे धडधाकट यंत्र कागदोपत्री मृत. इथेही तीच चाल आहे: काही न मोडता मोडीत काढण्याची. आम्ही लिनक्स घातले. त्यात इन्स्क्रिप्ट आहे, मराठी शुद्धलेखन तपासण्याची सोय आहे आणि यंत्र पूर्वीपेक्षा लवकर जागे होते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी जमणाऱ्याकडून करून घ्यावे. त्यात लाज नाही. टंकयंत्राची फीतही सर्वांना बदलता येत नसे.

टंकयंत्रावरून आठवले. भारतात गोदरेजने १९५५ साली पहिले देशी टंकयंत्र काढले आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीला ते बनवणे बंद केले. त्या पन्नासहून अधिक वर्षांत कचेऱ्यांमधून आणि टायपिंगच्या क्लासांतून ती यंत्रे अखंड बडवली गेली. ती अमर नव्हती, सतत बिघडत. पण खिळा वाकला तर खिळा सरळ करणारा माणूस असे आणि त्याला यंत्राचे पोट उघडायला कोणाची परवानगी लागत नसे. देवनागरी त्या यंत्रात मावत नाही म्हणून आपण लिपीच बदलायला निघालो होतो. सावरकरांची ‘अ’ची बाराखडी ज्या गरजेतून आली तिच्यात खिळे कमी करण्याची गरज होती. यंत्रासाठी इ आणि उ सोडायची तयारी असलेल्या समाजाने यंत्राकडून एक स्क्रू मागू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

असो. आम्ही लॅपटॉप घेऊन तपकीर गल्लीच्या परिसरात गेलो. बुधवार पेठेतला हा भाग पुणेकरांना सांगायला नको. एका अरुंद जिन्याच्या वर, दहा बाय आठच्या खोलीत, तिघे जण काम करत होते. त्यांतल्या वडीलधाऱ्याने यंत्र उलटे केले, बोटाने आवरणाची कड चाचपली आणि विचारले, “घाई आहे का साहेब? पार्ट दिल्लीहून मागवावा लागेल, नेहरू प्लेसहून. चार दिवस.” आम्ही म्हटले, “दादा, चार काय, आठ घ्या.” भागाचे सोळाशे, मजुरीचे सातशे. अमेरिकी मांडणीचा फलक मिळाला तर ठीक, नाहीतर ब्रिटिश चालेल का, तेही त्यांनी आधीच विचारून घेतले; ब्रिटिश फलकावर एंटरची कळ उभी असते आणि डाव्या शिफ्टशेजारी एक जास्तीची कळ येते.

पाचव्या दिवशी आम्ही पाहायला बसायची परवानगी मागितली. त्यांनी स्टूल दिले. आधी पाठीचे स्क्रू, लांबीप्रमाणे लोहचुंबकाच्या पट्टीवर ओळीने. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर आतून पडद्यापर्यंत भोक पाडतो, हे त्यांनी सहज सांगितले. मग सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मग रिबिनीसारख्या तारा. प्रत्येकीच्या टोकाला केसाएवढा खटका, तो नखाने उभा करायचा, ओढायचे नाही. पंखा निघाला, मुख्य फलक निघाला आणि शेवटी तळाशी कळफलकाची पाठ दिसली. तिच्यावर त्या वितळवलेल्या खुंट्यांचे चपटे ठिपके होते. आम्ही मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे सोडून दिले. प्रत्येक ठिपका पात्याने तासून काढला. जुना फलक सुटला. नवा ठेवला. खुंट्यांचे जे बुंधे उरले होते त्यांतले जे पुरेसे उंच होते त्यांच्यावर डाखणीचे टोक अलगद टेकवून ते पुन्हा चपटे केले, जिथे उंची उरली नव्हती तिथे दोन नळ्यांतला गोंद कालवून थेंब ठेवला. सगळे मिळून अडीच तास. मध्ये दोनदा चहा झाला. आमच्या हातातला कप बाकापासून लांब ठेवायला सांगण्यात आले.

इंग्रजी वर्तमानपत्रांत या कामाला ‘जुगाड’ म्हणण्याची फॅशन आहे आणि मराठी वर्तमानपत्रांनी ती मुकाट्याने उचलली आहे. या शब्दाला आमचा सक्त आक्षेप आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणारी क्लृप्ती. आम्ही जे पाहिले त्यात क्लृप्ती नव्हती. क्रम होता, मापे होती, मोजयंत्र होते आणि कंपनीने न दिलेली माहिती स्वतः मिळवून जमवलेली चोपडी होती. कंपनीचा नम्र मुलगा जे करू शकत नव्हता ते हा माणूस करत होता. त्याला जुगाड म्हटले की त्याच्या विद्येला विद्या म्हणावे लागत नाही आणि ज्याने साठावर खुंट्या वितळवून ठेवल्या त्याला प्रश्नही विचारावा लागत नाही.

हा प्रश्न इतरत्र विचारला गेला आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण लिहावे लागू लागले: माहिती मिळते का, उघडता येतो का, सुटे भाग मिळतात का, काय भावाने. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा केला, कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये. युरोपीय संघाचा निर्देश २०२४ चा आहे. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच, मोटारींचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांपासून अडवून ठेवल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळही उघडले. २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाबाबत दुसऱ्या समितीचा अहवाल आला. संकेतस्थळ आणि अहवाल म्हणजे कायदा नव्हे. त्या संकेतस्थळाने आमच्या कळफलकाचा सुटा भाग मिळवून दिला नाही; दिल्लीच्या नेहरू प्लेसने दिला.

इथे कोणी म्हणेल की तुमच्या एका कळेसाठी केवढा हा खटाटोप. चार पैसे कमवता, घ्या की नवा. बरोबर आहे, आम्ही घेऊ शकलो असतो. म्हणूनच हा लेख आमच्याबद्दल नाही. त्या खोलीत आम्ही अडीच तास बसलो असताना जिना चढून आलेल्यांत दोन विद्यार्थी होते, दोघेही बाहेरगावचे. एकाचा लॅपटॉप एखाद्या कंपनीने चार वर्षे वापरून विकलेला, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून तालुक्याच्या गावातल्या दुकानात आणि तिथून याच्याकडे आलेला. त्याच्यावर तो टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करत होता, मराठी मिनिटाला चाळीस शब्द, आणि त्याच्या फलकाची मधली ओळच गेली होती. ती साखळी दुरुस्तीवर चालते. वरचा भाग चौदा हजार पाचशेला मिळणार असेल तर अकरा हजारांना घेतलेले ते यंत्र भंगारात जाईल आणि मिनिटाला चाळीस शब्द हे ज्याच्याकडे नवे यंत्र आहे त्याच्यासाठी राखीव राहतील. तालुक्याच्या गावातून चांगले लिहिणारी नवी मंडळी येत आहेत म्हणून आमचे पाचही मित्र परिसंवादांत आनंद व्यक्त करतात. ती मंडळी लिहितात कशावर, हे त्यांनी कधी विचारले आहे का?

त्या मुलाला भागाचे पैसे आधी देणे जमत नव्हते. “परीक्षा झाल्यावर दे,” असे सांगून दादांनी त्याचे यंत्र फडताळावर ठेवून घेतले. कल्हईवाल्यावरच्या लेखात असा एक प्रसंग होता, हे आम्हांला परतताना आठवले.

आमच्या लॅपटॉपला ब्रिटिश फलक मिळाला. एंटरची उभी कळ आठवड्यात अंगवळणी पडली. जास्तीची कळ अजून कधीकधी चुकून दाबली जाते. तीनच्या आकड्यावर पौंडाचे चिन्ह छापलेले आहे, पण शिफ्टसह ती दाबली की आमच्याकडे रकार उमटतो. डीची कळ नवी असल्याने जरा ताठ आहे. जुना फलक दादांनी ठेवून घेतला. त्याच्या बाकीच्या कळा चांगल्या आहेत, कोणाला ना कोणाला लागतील, म्हणाले.